शेपटाचं चाक

विमान माझ्या नावावर झालं
तेव्हा ते जिनिंगच्या जुन्या शेडमध्ये उभं होतं,
बाभळीचा पाला खायला
पुढचे पाय उचललेल्या बकरीसारखं.
नाक पत्र्याकडे, बूड जमिनीला,
बुडाखाली चाक केवढं, तर
पोरांच्या ट्रायसिकलचं असावं एवढं.

नागपूरचा क्लब बंद पडला म्हणून मिळालं.
वरुडला ट्रॅक्टरची एजन्सी आहे माझी,
तीन चाकं सरळ टेकणारी विमानं
मी ऐंशी तास चालवली होती.
वाटलं, चाकच तर आहे,
इकडचं तिकडे.

डहाकेबाई एसटीनं आल्या.
वय अडुसष्ट, पिशवीत डबा आणि दोन उशा,
एक पाठीला, एक खाली.
विमानाभोवती फिरल्या, शेपूट उचलून पाहिलं,
मग मला म्हणाल्या,
"भरलेली ट्रॉली मांगं घेतली हाये का कधी?"
हाव, म्हटलं.
"मंग समजलं तुले. हे जल्मभर मांगं जाणारी ट्रॉली हाये.
वजन मांगं, चाकं समोर.
बोटभर वाकडं झालं का बोटभरच सरळ कर.
हातभर होऊ देशीन,
त बूड समोर येऊन तुलेच इचारीन, कुठं जाचं?"

तीन आठवडे आम्ही उडालोच नाही.
मुरमाच्या पट्टीवर नुसतं चालवलं,
डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे,
कारण समोर इंजिनाशिवाय काही दिसत नाही.
सरळ माणसाला आपल्याकडे
नाकासमोर चालणारा म्हणतात.
इथे नाकासमोर चालणारा
थेट बोरीच्या झाडात जातो.

पट्टीवर धुर्वे असतो, सायकलवर.
बकऱ्या हाकलतो, खुंटे ठोकतो.
काठीला त्यानं स्वतःच्या चेक्सच्या शर्टाची बाही बांधली आहे,
ती संत्र्यांच्या बाजूला आडवी झाली
की तो हात हलवतो : आज नाही.
पहिल्यांदा मी हसलो होतो त्याला.

चौथ्या शनिवारी उतरलो.
स्टिक पोटाशी, तिन्ही चाकं एकदम,
इतकं अलगद की मुरमालाही कळलं नसेल.
मी श्वास सोडला.
श्वासाबरोबर पायही सोडले.

संत्री. शेड. धुर्वे. संत्री.
धुर्वेची सायकल आडवी, धुर्वे पळतोय. शेड.
मग धूळ, आणि धुळीत
उजव्या पंखाचं टोक
जमिनीपासून वीतभर वर थांबलेलं.

बाईंनी इंजिन बंद केलं.
पदरानं चष्मा पुसला. बराच वेळ पुसला.
"इमान उतरलंच नव्हतं अजून," म्हणाल्या,
"तू आंधी उतरला."

त्यानंतर रोज तेच.
टेकल्यावर पाय जागे.
डावा, उजवा, डावा, इतका हलका
की बाहेरून पाहणाऱ्याला वाटावं,
विमान आपलं आपण सरळ चाललंय.
शेडपर्यंत तसंच.
दोर आवळून खुंट्याला गाठ मारेपर्यंत
ते उडतंच असतं, हे बाईंचं म्हणणं.
गाठही त्या स्वतः ओढून बघतात.

विमा कंपनीच्या माणसानं फोनवर विचारलं,
बाईंसोबत तास किती झाले?
नऊ, म्हटलं. त्याला दहा हवे होते.
बाईंना सांगितलं तर म्हणाल्या,
त्याले म्हणा, मले पंधरा पाह्यजेत.

काल रात्री कुंदानं मला हलवून उठवलं.
"काहून पाय झाडता? कोणाले लाथा मारून राह्यले?"
मारत नाही, म्हटलं, धरून ठेवतोय.
ती उठून बसली. अंधारात बांगड्या वाजल्या.
"उतरलं का मंग?"

अजून नाही, म्हटलं,
आणि गोधडीखाली
डावा, उजवा, डावा.